सोटो गेला, त्यात गैर काय?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत बेसबॉलवर एवढी पत्रे आली की या वेळचे सदर पूर्ण त्यालाच दिले आहे. लिहिणारे बहुतेक रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले. कोणाचा मुलगा न्यू जर्सीत, कोणाची भाची कॅलिफोर्नियात. त्यांच्यामुळे घरात न्यूयॉर्कच्या यँकीजची नाहीतर लॉस एंजेलिसच्या डॉजर्सची टोपी आली आणि टोपीच्या मागोमाग वाद आले. पत्रांचा रोख साधारण एकच आहे: मोठा खेळाडू संघ सोडतो तेव्हा त्याच्या स्वभावाला नावे ठेवावीत का, आणि तो कुठे जाणार या बातम्यांतली खरी कोणती?

हुआन सोटो २०२४ मध्ये यँकीजकडून खेळला, संघ वर्ल्ड सिरीजला (हंगामाच्या अंतिम मालिकेला) गेला, आणि डिसेंबरात हा गडी त्याच शहरातल्या मेट्सकडे निघून गेला. माझे मेहुणे म्हणतात, हा पैशाचा लोभी, याला निष्ठा नाही. मला ते पटत नाही, पण उत्तर देता येत नाही. कोणाचे बरोबर? (एक वाचक, दापोली)

आधी आकडे पाहू, कारण वाद बहुतेक वेळा अर्धवट आकड्यांवर चालतो. मेट्सने १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर दिले. यँकीजची शेवटची बोली १६ वर्षांसाठी ७६ कोटींची होती, असे तेव्हा सगळीकडे छापून आले. ‘पन्नास लाखांसाठी गेला’ असे मेहुणे म्हणत असतील तर त्यांचा हिशेब चुकतो. मेट्सचे दर वर्षाला ५.१ कोटी पडतात, यँकीजचे ४.७५ कोटी. शिवाय मेट्सकडे तो एक वर्ष आधी मोकळा होतो. म्हणजे फरक वर्षाला ३५ लाख डॉलरचा, आणि वर एक वर्ष हातात.

आता निष्ठेचे. सोटो वॉशिंग्टन नॅशनल्सच्या मुशीत तयार झाला, २०१९ ची वर्ल्ड सिरीज त्यांच्याकडून जिंकला. २०२२ मध्ये त्यांनी १५ वर्षांसाठी ४४ कोटी देऊ केले, त्याने नाही म्हटले, आणि ऑगस्टमध्ये संघाने त्याला सॅन दिएगो पाद्रेजला देऊन टाकले. डिसेंबर २०२३ मध्ये पाद्रेजने यँकीजला दिले. दोन्ही वेळा त्याला कोणी विचारले नाही, विचारायची गरजही नव्हती. करारच तसा असतो. कुठे खेळायचे हे स्वतः ठरवण्याची त्याची पहिली संधी २०२४ च्या अखेरीस आली, वयाच्या २६ व्या वर्षी. यँकीजशी त्याचे नाते एका हंगामाचे होते. एका हंगामाच्या सोबतीवर जन्माची निष्ठा मागणे आम्हाला योग्य वाटत नाही.

तुमच्या हर्णै बंदरावर हा न्याय सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, हिशेब झाला, आणि नारळी पुनवेनंतर तांडेल दुसऱ्या नाखव्याच्या होडीवर चढला, तर त्याला कोणी फसवा म्हणत नाही. उचल घेऊन अर्ध्या हंगामात उतरला, तर म्हणतात. ‘फ्री एजंट’, म्हणजे करार संपून मोकळा झालेला खेळाडू, हा हिशेब पूर्ण झालेला तांडेल. सोटोने कोणाची उचल बुडवलेली नाही.

आणि ४४ कोटी नाकारून अडीच वर्षे थांबण्यात धोका केवढा होता, तेही मेहुण्यांच्या कानावर घाला. त्या काळात गुडघा गेला असता तर ना ४४ कोटी मिळाले असते ना ७६. त्याने स्वतःची किंमत ओळखली आणि मैदानात ती सिद्ध केली: २०२४ मध्ये १६२ पैकी १५७ सामने, ४१ होमरन (आपल्या षटकारासारखा, मैदानाबाहेर मारलेला चेंडू). याला लोभ म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

आमच्या वाडीत ह्याच्यावरून रोज वाद होतत. पाद्रेजचा मचाडो आणि सोटो दोघांवर आरोप एकच: चेंडू मारल्यावर जीव तोडून पळत नाहीत. हा स्वभावाचा दोष नव्हे काय? (एक वाचक, मालवण)

हा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा आहे, कारण करारावरून माणूस कळत नाही, पळण्यावरून थोडाफार कळतो. पण कोणते पळणे, हे आधी ठरवावे लागते.

होम प्लेटपासून (फलंदाज उभा असतो तिथून) पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा) ९० फुटांवर. क्रिकेटमध्ये क्रीजपासून क्रीजपर्यंत ५८ फूट. म्हणजे पहिला बेस गाठणे म्हणजे साधारण दीड धाव, तीही उभ्या जागेवरून, बॅटचा झोका संपवून. सामने १६२, आणि ते साधारण सहा महिन्यांत. आपल्याकडे कसोटी खेळाडूला दोन सामन्यांमध्ये विसावा मिळतो, इथे दर आठवड्याला सहा-सात सामने. मांडीचा मागचा स्नायू एकदा ताणला की तीन-चार आठवडे बाहेर. म्हणून सरळ हातात गेलेल्या सोप्या चेंडूवर खेळाडू थोडा सावरून पळाला, तर तो आळशी आहे असे लगेच ठरवू नये. कित्येक प्रशिक्षक स्वतःच तशी मुभा देतात.

दुसरा प्रकार वेगळा. चेंडू उंच गेला, फलंदाज होमरन समजून बघत उभा राहिला, आणि चेंडू भिंतीवर आपटून मैदानात परतला. आता जिथे दोन बेस मिळायचे तिथे एकच मिळतो. मे २०२५ मध्ये बोस्टनला सोटोच्या बाबतीत हेच झाले. तिथली डावीकडची भिंत ३७ फूट उंच आहे, चेंडू तिच्यावर लागला, आणि तो पहिल्या बेसवरच थांबला. यात स्नायू सांभाळण्याचा प्रश्न नव्हता, अंदाज चुकला आणि पाय उशिरा सुटले. ही टीका रास्त होती. पण त्याच वर्षीचा पुढचा हिशेबही मांडायला हवा: त्याने १६० सामने खेळले, ४३ होमरन मारले आणि ३८ बेस चोरले. बेस चोरणे म्हणजे गोलंदाज चेंडू टाकायच्या बेतात असताना पुढच्या बेसकडे झेपावणे. त्यात बहुतेक वेळा मातीत घसरावे लागते आणि बोटे मोडायची भीती असते. पळायचा कंटाळा असलेला माणूस वर्षात ३८ वेळा हे करत नाही.

मॅनी मचाडोचे प्रकरण जास्त गंभीर होते. ऑक्टोबर २०१८, डॉजर्स आणि मिलवॉकी यांची मालिका; तेव्हा तो डॉजर्सकडे होता. एका जमिनीवरच्या चेंडूवर तो पळालाच नाही. मग मुलाखतीत सांगितले की प्रत्येक चेंडूवर जिवाच्या आकांताने धावणाऱ्यांपैकी मी नाही. त्याच मालिकेत पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या पायाला त्याचा पाय लागला आणि दंड झाला. थोड्याच आठवड्यांत तो फ्री एजंट झाला. पळाला नाही ते नाहीच, पण प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) ऐन भरात असे बोलून दाखवणे त्याहून महागात पडले. सगळे म्हणू लागले, याला घेणारा पस्तावेल.

पाद्रेजने फेब्रुवारी २०१९ मध्ये १० वर्षांसाठी ३० कोटी दिले. पुढे काय झाले? २०२० च्या छोट्या हंगामातले साठच्या साठ सामने तो खेळला. २००६ नंतर ज्या संघाने प्लेऑफचे तोंड पाहिले नव्हते, तो २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये तिथे पोचला. २०२३ मध्ये त्याच संघाने त्याचा करार ११ वर्षांसाठी ३५ कोटींवर नेला. चार वर्षे रोज जवळून बघितल्यावर नाखव्याने पुन्हा त्याच तांडेलाला जास्त उचल दिली. आमच्या मते, स्वभावाचा याहून चांगला दाखला बाहेरच्या माणसाला मिळत नाही.

वाडीतला वाद मिटवायचा असेल तर एक वही घ्या आणि एकाच खेळाडूचे दहा सामने बघा. तारखेपुढे चार रकाने पाडा. पहिल्यात, जमिनीवरच्या चेंडूवर पहिल्या बेसपर्यंतची वेळ. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बॅटला चेंडू लागल्यापासून बेसला पाय लागेपर्यंत मोजा. सर्वसाधारण खेळाडूला ४.३ सेकंदांच्या आसपास लागतात आणि डावखुरा बेसच्या बाजूलाच उभा असल्याने किंचित लवकर पोचतो. दुसऱ्यात, भिंतीपर्यंत गेलेल्या चेंडूवर किती बेस मिळाले. तिसऱ्यात, क्षेत्ररक्षण करताना चेंडू दुसऱ्याकडे गेला तर हा मागे आडवायला सरकतो का. हा रकाना बहुतेकजण विसरतात, कारण कॅमेरा चेंडूमागे जातो आणि हा माणूस पडद्याच्या कडेला असतो. चौथ्यात, संघाच्या किती सामन्यांत तो मैदानात उतरला. दुसरा आणि तिसरा रकाना सतत वाईट असेल तर दोष धरा. नुसत्या पहिल्यावरून धरू नका.

गळ्यातली साखळी, होमरननंतर बॅट भिरकावणे, पत्रकारांशी तुटक बोलणे, यांना वहीत जागा नको. डोमिनिकन रिपब्लिकसारख्या देशांतली मुले बॅट भिरकावतच मोठी होतात. तिथे तो आनंद असतो.

सामने आणि बातम्या आपल्याकडे किती वाजता येतात? (एक वाचक, अलिबाग)

उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. संध्याकाळी ७.०५ चा न्यूयॉर्कचा सामना आपल्याकडे पहाटे ४.३५ ला, लॉस एंजेलिसचा ७.१० चा सकाळी ७.४० ला. करारांच्या बातम्या डिसेंबरात तिथल्या रात्री फुटतात, म्हणजे आपल्याकडे सकाळच्या चहाला. सोटोची बातमी ९ डिसेंबर २०२४ च्या सकाळी इथे पोचली. तिथे अजून ८ तारीख होती. तारखांवरून भांडण होते ते यामुळेच.

डिसेंबरात दर दहा मिनिटांनी नवी बातमी: ‘अमुक संघ आघाडीवर’, ‘गूढ संघ मैदानात’. चार दिवसांनी सगळे खोटे निघते. खरे कसे ओळखायचे? (एक वाचक, गुहागर)

सगळे खोटे नसते. क्रियापद नीट वाचले तर अर्धे काम होते. ‘रस आहे’ याचा अर्थ जवळपास शून्य. चांगल्या खेळाडूत सगळ्यांनाच रस असतो. ‘बोलणी झाली’ म्हणजे एखादा फोन. ‘प्रस्ताव दिला’ इथून दखल घ्यावी, तेही वर्षे आणि रक्कम दिली असेल तरच. ‘सहमती झाली, वैद्यकीय तपासणी बाकी’ ही खरी बातमी, पण पक्की नव्हे. का ते पुढे देवगडच्या वाचकाला दिलेल्या उत्तरात सांगितले आहे. शेवटी संघाची स्वतःची घोषणा. संघाच्या मुख्य यादीत ४० जणांनाच जागा असते. यादी भरलेली असेल तर नव्याला घ्यायला त्याच दिवशी कोणाला तरी काढावे लागते. तेव्हा ‘करार झाला’ म्हणतात आणि भरलेल्या यादीत कोणीच कमी झालेले नाही, असे दिसले तर घोषणा अजून व्हायची आहे असे समजा.

मग विचारा, ही बातमी पसरल्याने फायदा कोणाचा? खेळाडूच्या एजंटला गिऱ्हाइके जास्त दिसायला हवी असतात. मासळीच्या लिलावात बोली चढवायला मागे एखादा उभा असतो, तसा हा ‘गूढ संघ’. कधी तो खरा निघतो, बहुधा नाही. संघालाही ‘आम्ही शेवटपर्यंत झगडलो’ असे प्रेक्षकांना दाखवायचे असते. प्रतिस्पर्ध्याला भाव चढवून दुसऱ्याचा खिसा रिकामा करायचा असतो. तीन बाजूंनी तीन कारणे असली की धूर खूप निघतो.

दोन उदाहरणे लक्षात ठेवा. ६ डिसेंबर २०२२ ला यँकीजचा फलंदाज ॲरन जज सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे निघाल्याची बातमी एका नावाजलेल्या पत्रकाराने घाईत दिली. घाई एवढी की जजचे पहिले नावही चुकीचे छापले गेले. काही मिनिटांत ती मागे घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी जज यँकीजकडेच राहिला, ९ वर्षे, ३६ कोटी. नावातच चूक असेल तर मजकुरावर कोणी दुसरी नजर टाकलेली नाही, हे वाचकाने ओळखावे.

दुसरे ८ डिसेंबर २०२३ चे. जपानी खेळाडू शोहेई ओहतानी कॅनडातल्या टोरोंटोच्या संघाकडे निघाल्याची आवई उठली. दक्षिण कॅलिफोर्नियातून एक खासगी विमान टोरोंटोकडे उडाले होते आणि विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर हजारो लोक त्याच्याकडे डोळे लावून बसले. विमान उतरले, आतून रॉबर्ट हर्जावेक नावाचे कॅनेडियन उद्योजक कुटुंबासह बाहेर आले. ओहतानी कॅलिफोर्नियातच होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः इन्स्टाग्रामवर डॉजर्सचे नाव जाहीर केले. चूक कुठे झाली? ॲप विमान कुठे जाते ते दाखवते, आत कोण बसले आहे ते दाखवत नाही. मधली रिकामी जागा लोकांनी इच्छेने भरली. टोरोंटोच्या चाहत्यांना त्या रात्री जे दुःख झाले ते खरे होते, म्हणून तरी आपण अशी अर्धी बातमी पुढे पाठवू नये.

आमचा नेम असा: एकमेकांचा हवाला न देणाऱ्या दोन पत्रकारांनी वर्षे आणि रक्कम सारखी दिली की मानावे. एकाच ठिकाणची बातमी पन्नास जणांनी पुढे ढकलली तरी ती एकच बातमी.

कार्लोस कोरेयाशी तीन संघांनी तीन करार केले म्हणतात. शब्द दिल्यावर संघ माघार घेतो, यात खेळाडूचा दोष की संघाचा? (एक वाचक, देवगड)

दोष कोणाचाच नाही. देवगडच्या माणसाला हे एका शब्दात सांगता येईल: साका. हापूस बाहेरून पिवळाधमक, देठाशी वास, बोटाला मऊ, आणि कापला की कोयीजवळ पांढरा स्पंजासारखा डाग. बागायतदाराने लपवलेला नसतो, गिऱ्हाइकाला दिसत नाही. खेळाडूच्या बाबतीत फरक एवढाच की कापायच्या आधी आत बघता येते, आणि कोट्यवधी डॉलर मोजणारा ते बघणारच.

कोरेयाचा उजवा पाय २०१४ मध्ये, तो अजून खालच्या लीगमध्ये असताना, मोडला होता आणि आत धातूची पट्टी बसवली होती. त्यानंतर त्या पायामुळे तो बाहेर बसला नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये जायंट्सशी १३ वर्षे ३५ कोटींवर सहमती झाली. २० डिसेंबरची पत्रकार परिषद ऐन वेळी थांबली, कारण तपासणीत डॉक्टरांना तो पाय पुढे त्रास देईल अशी शंका आली. दुसऱ्याच दिवशी मेट्सशी १२ वर्षे ३१.५ कोटींवर ठरले. त्यांच्याही डॉक्टरांना तीच शंका. जानेवारीत तो मिनेसोटा ट्विन्सकडे गेला: पक्की ६ वर्षे, २० कोटी. पुढची चार वर्षे तो पुरेसा खेळला तरच मिळणार आणि एकूण रक्कम २७ कोटींपर्यंत जाणार.

बारकाईने बघा, कोणीही ‘हा आज खेळू शकत नाही’ असे म्हटले नाही. वाद होता तेराव्या वर्षाचा. २८ वर्षांच्या माणसाला ४१ व्या वर्षापर्यंतचे पैसे आज कबूल करायचे, तर तो पाय तोवर टिकेल का, हा प्रश्न. ट्विन्सनी धोका वाटून घेतला: पक्की वर्षे कमी, बाकीची खेळण्यावर. मोहोरावरच बाग घेणारा व्यापारीही शहाणा असेल तर सगळी रक्कम आधी देत नाही, फळ उतरल्यावर उरलेली देतो.

ओहतानीला ७० कोटींचा करार आणि वर्षाला फक्त २० लाख मिळतात, हे खरे का? मग याला त्याग म्हणायचे का? (एक वाचक, वेंगुर्ला)

आकडे खरे आहेत. १० वर्षे, वर्षाला ७ कोटी. त्यातले २० लाख दर वर्षी, उरलेले ६.८ कोटी मागे ठेवलेले. ते एकूण ६८ कोटी २०३४ ते २०४३ या दहा वर्षांत मिळणार, व्याजाशिवाय. आजचा डॉलर आणि वीस वर्षांनंतरचा डॉलर एक नव्हे, म्हणून संघावरच्या जादा-खर्च कराच्या (पगारांची बेरीज ठराविक रेषेपुढे गेली की भरावा लागणारा कर) हिशेबात हा करार वर्षाला सुमारे ४.६ कोटींचा धरला जातो. २०२४ मध्ये त्या कराची रेषा २३.७ कोटींवर होती. ७ कोटींऐवजी ४.६ कोटी मोजले गेल्यामुळे डॉजर्सना आणखी खेळाडू घ्यायला जागा झाली.

त्याग हा शब्द थोडा मोठा आहे, कारण जाहिरातींतून त्याला वर्षाला पगारापेक्षा कितीतरी जास्त मिळते. पण व्याज सोडणे ही खरी सूट आहे आणि ती संघ बलवान व्हावा म्हणून दिली आहे. तेवढे श्रेय मोकळ्या मनाने द्यावे.

आयपीएलमध्ये लिलाव असतो, पंत २७ कोटी रुपयांना लखनौकडे गेला. बेसबॉलमध्ये खेळाडूच संघ निवडतो. ही मोकळीक त्यांना कोणी दिली? (एक वाचक, श्रीवर्धन)

कोणी दिली नाही. मिळवावी लागली, आणि ज्याने सुरुवात केली त्याला त्याचे फळ चाखता आले नाही. जुन्या करारात एक कलम होते: करार संपला तरी खेळाडूवर हक्क जुन्याच संघाचा. म्हणजे जन्मभर. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. बारा वर्षे एका शहरात खेळलेला हा माणूस. त्याने २४ डिसेंबरला बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवले की मी मनाविरुद्ध विकायची वस्तू नाही. फिलाडेल्फिया त्याला वर्षाला सुमारे एक लाख डॉलर देत होती. ते सोडून तो कोर्टात गेला, १९७० चा पूर्ण हंगाम घरी बसला, परत आल्यावर १३ सामने खेळून संपला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ३ मतांनी हरला.

पण दार खिळखिळे झाले होते. २३ डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या बाजूने निकाल दिला: कराराविना एक वर्ष खेळला की खेळाडू मोकळा. नंतर वाटाघाटीत सहा वर्षे खेळल्यावर मोकळीक, असा नियम ठरला, तो आजही आहे. एक वर्ष म्हणजे मुख्य संघाच्या यादीत १७२ दिवस. इथेही संघ डाव टाकतात. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला हंगाम सुरू झाल्यावर बारा दिवसांनी वर घेतले. त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसाने त्याची मोकळीक वर्षभर पुढे गेली. त्याने दाद मागितली, पण तो हरला. निष्ठेचा हिशेब खेळाडूकडे मागणाऱ्यांनी हा १७१ चा आकडाही लक्षात ठेवावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

लिलावात मात्र खेळाडू फक्त नाव देतो; हातोडा पडेल तिथे जातो. म्हणून ‘पंत लखनौला का गेला’ हा प्रश्न त्याच्या स्वभावाचा होत नाही.

काही चांगले खेळाडू फेब्रुवारीपर्यंत बिनसंघाचे का राहतात? (एक वाचिका, चिपळूण)

जुना संघ जाताना त्याला एक वर्षाचा ठराविक रकमेचा प्रस्ताव देऊ शकतो. २०२४ च्या अखेरीस ती रक्कम २.१०५ कोटी डॉलर होती. त्याने तो नाकारला, तर त्याला घेणाऱ्या नव्या संघाला नवोदितांच्या निवडीतली जागा गमवावी लागते. अव्वल खेळाडूसाठी संघ ते सोसतात, मधल्या फळीतल्यासाठी कचरतात. असा प्रस्ताव एका खेळाडूला जन्मात एकदाच देता येतो.

आमच्या तालुक्याच्या टेनिस बॉल लीगमध्ये लिलाव होतो. गेल्या मेमध्ये एका स्टार फलंदाजाने एका संघाची उचल घेतली आणि आदल्या रात्री दुसऱ्याकडून उतरला. हाणामारी थोडक्यात टळली. पुढच्या वर्षी नियम काय ठेवावेत? (आयोजक, कणकवली)

उचल थेट कर्णधाराने रोख दिली असणार आणि शब्द कोणा मावसभावाच्या फोनवर ठरला असणार. बिघडते ते इथेच. पैसा समितीच्या हातून गेला पाहिजे. लिलावाच्या आधी प्रत्येक खेळाडूकडून स्वतःच्या सहीचा अर्ज, फोटो आणि आधारची प्रत घ्या. अर्जावर एक ओळ ठळक छापा: ‘लिलावात जो संघ घेईल त्याच्याकडून खेळेन.’ ज्याला हे मान्य नाही त्याचे नाव लिलावात नको. चाकरमानी खेळाडूंकडून रजेच्या तारखा त्याच अर्जावर लिहून घ्या. निम्मे घोळ कंपनीने रजा नाकारल्यामुळे होतात आणि त्याला विनाकारण दगाबाजीचे नाव पडते.

लिलाव गुणांवर ठेवा, रुपयांवर नको. प्रत्येक संघाला १०० गुण, एका खेळाडूवर जास्तीत जास्त ३०. नाहीतर एक पैसेवाला संघ चार स्टार उचलतो आणि बाकीचे सामने बघवत नाहीत. मानधन वेगळे ठरवा, आणि उचल त्याच्या चौथाईपेक्षा जास्त नको. उरलेले शेवटच्या सामन्यानंतर.

बदलाची मुदत स्पर्धेच्या १५ दिवस आधी बंद करा. त्यानंतर जुन्या संघाचे लेखी ना-हरकत पत्र असल्याशिवाय कोणी हलणार नाही. आणि शिक्षा एकट्या खेळाडूला नको. बेसबॉलमध्ये दुसऱ्याच्या करारातल्या खेळाडूशी परस्पर बोलणी करणाऱ्या संघालाही दंड होतो. तुम्ही प्रवेश फीबरोबर संघाकडून अनामत घ्या. फोडाफोडी सिद्ध झाली की ती जप्त, आणि तो खेळाडू त्या स्पर्धेत दोन्हीकडून बाद.

प्रत्येक संघाला दोन राखीव नावे द्यायला लावा, म्हणजे ऐन वेळी कोणी आला नाही तर बाहेरचा माणूस घुसवायची वेळ येत नाही. लिलावाच्या आठवडाभर आधी गोलंदाजांना सलग तीन षटके टाकायला लावून बघा. खांदा दुखत असेल तर दुसऱ्या षटकाच्या शेवटी हात खाली येऊ लागतो आणि चेंडू आखूड पडतो.

तक्रार ऐकायला तीन माणसे नेमा, ज्यांच्या वाडीचा संघ स्पर्धेत नाही अशी. तक्रार लेखी, नाणेफेकीच्या एक तास आधीपर्यंतच. निकाल नाणेफेकीपूर्वी, कागदावर, दोन्ही कर्णधारांच्या सहीने. त्याची प्रत गुणलेखकाच्या टेबलावर टाचून ठेवा.